वजनाचं इंजेक्शन कोणत्या वारी? लांबच्या लाइनच्या ड्रायव्हरांसाठी

न्हावा-शेव्याला कंटेनर चढवायचा, कळंबोलीत गाडी लावून उशिरा जेवायचं आणि मग बंगळूर नाहीतर दिल्लीकडे दोन-तीन दिवस एकाच सीटवर काढायचे. या धंद्यात पोट सुटायला वेगळं काही करावं लागत नाही. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. आठवड्यातून एकदा टोचायचं आणि वजन उतरतं म्हटल्यावर ड्रायव्हर मंडळींनाही मोह होणारच.

औषध काम करतं यात वाद नाही. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने (म्हणजे वेगोव्हीने) ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के, तर टिर्झेपेटाइडच्या (म्हणजे मौंजारोच्या) सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सुमारे २० टक्के वजन उतरलं. पण माझ्या मते ड्रायव्हरने ‘किती किलो उतरेल’ याच्या आधी ‘टोचायचं कोणत्या वारी’ हे डॉक्टरांना विचारावं.

कारण असं. जेवण झालं की आतडं जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतं. ते मेंदूला पोट भरल्याचं कळवतं, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं आणि जठरातलं अन्न सावकाश पुढे जाऊ देतं. आपल्या शरीरातलं हे संप्रेरक दोन-तीन मिनिटांत निकामी होतं. त्याची नक्कल करणाऱ्या औषधाच्या रेणूला मात्र मेदाम्लाची (चरबीच्या घटकाची) शेपटी जोडलेली असते. ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते, म्हणून सेमाग्लुटाइड निम्मं व्हायलाच आठवडा लागतो आणि टिर्झेपेटाइडला पाच दिवस. टोचल्यानंतर साधारण एक ते तीन दिवसांत रक्तातलं प्रमाण सर्वांत जास्त असतं. मळमळ, उलटी, जुलाब यांचा जोर अनेकांना याच दिवसांत जाणवतो, आणि डोस वाढवला की जास्तच.

म्हणून गाडी शुक्रवारी खाली होऊन सोमवारी पुन्हा भरणार असेल, तर टोचायचं शुक्रवारी संध्याकाळी, घरी. डोस दर चार आठवड्यांनी किंवा त्याहून सावकाश वाढवतात. वाढीव डोसचे पहिले दोन-तीन दिवस तरी स्टिअरिंगपासून लांब राहिलेलं बरं. मालकाने मध्येच ट्रिप लावली तर वार बदलता येतो, पण दोन इंजेक्शनांत किमान तीन दिवस अंतर हवं. राहून गेलं म्हणून दोन एकदम कधीच टोचू नयेत. आणि त्रास होतोय म्हणून पुढचं चुकवलं, तरी आधीचं शरीरातून जायला काही आठवडे लागतात, लगेच उतारा पडत नाही.

ढाब्यावरचं रात्री अकराचं जेवण ही दुसरी अडचण. दाल फ्राय, वर बटर, चार तंदुरी रोट्या. जठर मंद चालत असताना तेल-तूप सर्वांत जास्त वेळ पडून राहतं. पहाटे कसारा चढताना तेच जेवण आंबट ढेकरांतून वर येतं. अर्धं ताट साधी डाळ, अंडी, दही, भाकरी एवढं आठ-नऊपर्यंत खाल्लं तर पोट निभावून नेतं. उलट काहींची भूकच मरते आणि दिवसभर नुसत्या चहावर गाडी चालते. हेही धोक्याचंच.

पाण्याचं तर विचारूच नका. थांबायला जागा नाही म्हणून कितीतरी ड्रायव्हर पाणीच कमी पितात. त्यात उलट्या-जुलाब आणि केबिनची भट्टी. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, जुन्या गाड्यांचं काय? पाणी कमी पडलं की चक्कर येते, मूत्रपिंडावर ताण येतो. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं.

खरी गाडी घसरते ती मधुमेहाच्या जुन्या गोळ्यांवर. ही इंजेक्शनं एकटी असताना साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा पाडत नाहीत. पण जोडीला ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर पाडू शकतात, म्हणून डॉक्टर अनेकदा त्यांचा डोस कमी करतात. दुकानातून परस्पर इंजेक्शनचं पेन घेणाऱ्याला हे सांगणार कोण? साखर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, नजर धूसर होते, आणि केबिनमध्ये तो घाम उकाड्याचाच वाटतो. ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज पावडर हाताशी हवी, मागच्या बॅगेत नको. आकडा ७० च्या खाली गेला तर गाडी बाजूला घ्यायची, पाण्यात ग्लुकोज घालून प्यायचं आणि पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. ब्रिटनमध्ये इन्सुलिनवरच्या ड्रायव्हरांना साखर जागेवर आल्यावरही ४५ मिनिटं गाडी चालवू नका, असं सांगितलं जातं. मेंदूला सावरायला तेवढा वेळ लागतो.

पोटात कळ येऊन पाठीत निघाली आणि थांबेना, तर स्वादुपिंडाची सूज असू शकते. अशा वेळी मुंबई गाठायची वाट पाहू नये, सर्वांत जवळच्या हॉस्पिटलात जावं.

पेनाचं सांगायचं तर न उघडलेलं पेन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं. बाहेर ३० अंशांपर्यंत काही आठवडे चालतं, नेमके किती ते खोक्यातल्या कागदावर छापलेलं असतं. डॅशबोर्डवरचं ऊन त्याला मारतं आणि थेट बर्फाला टेकवून ठेवलं तरी मारतं. एकदा गोठलेलं पेन वितळल्यावर दिसतं अगदी नव्यासारखं, तरी टाकूनच द्यायचं. थंड पिशवीत पेन आणि बर्फाची थैली यांच्यामध्ये टॉवेलची घडी घालावी. सुई प्रत्येक वेळी नवी, आणि वापरलेली खिडकीतून हायवेवर फेकायची नाही. झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा पुरतो.

घोरणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असलेला ड्रायव्हर दिवसा स्टिअरिंगवर पेंगतो. लठ्ठपणासोबत हा त्रास मध्यम ते तीव्र असणाऱ्यांसाठी अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपेटाइडला मान्यता दिली. मात्र वजन उतरतंय म्हणून झोपताना लावायचं श्वासाचं मशीन आपणच बंद करू नये.

लायसन्सच्या पाकिटात एक चिठ्ठीही ठेवावी: औषधाचं नाव, डोस, शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं. अपघातानंतर भूल द्यायची वेळ आली तर सकाळपासून उपाशी असलेल्या माणसाच्या जठरातही अन्न शिल्लक असू शकतं, आणि ते श्वासनलिकेत जाऊ नये याची तयारी भूलतज्ज्ञांना आधी करावी लागते.