‘टक्’ झालं, पण ओव्हन तापला नाही

बटण दाबलं, आतला दिवा लागला, पंखा फिरू लागला, ‘टक्’ असा ओळखीचा आवाजही आला. तरी अर्ध्या तासानंतर केकचं मिश्रण होतं तसंच पातळ. अशा वेळी एक तर्क हमखास ऐकू येतो: आवाज आला म्हणजे रिले (वीज चालू-बंद करणारा बोर्डावरचा स्विच) ठीक आहे, एलिमेंटच (तापणारी तार) जळलं असणार. एलिमेंट जळलेलं असूही शकतं, पण त्या आवाजावरून रिलेला निर्दोष ठरवता येत नाही.

रिलेच्या इवल्याशा डबीत दोन वेगळी सर्किटं असतात. पहिलं कॉइलचं, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचं. ओव्हनमध्ये ती बहुधा 12 किंवा 24 व्होल्टची असते. 12 व्होल्टच्या नेहमीच्या कॉइलमधून जेमतेम 30-35 मिलिअँपिअर वीज वाहते. दुसरं कॉन्टॅक्टचं, म्हणजे एकमेकांना टेकून वीज जोडणाऱ्या धातूच्या टोकांचं; ते 230 व्होल्टचं. 2000 वॉटचं एलिमेंट सुमारे 8.7 अँपिअर ओढतं, कॉइलच्या अडीचशे पटींहून जास्त. कॉइलचं लोहचुंबक झालं की लोखंडी पट्टी खेचली जाते आणि कॉन्टॅक्ट एकमेकांना टेकतात. लहान विजेने मोठी वीज चालू-बंद करण्याची ही युक्ती 1830च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी दाखवली. आपल्याकडे व्होल्टेज खालीवर झालं की अनेक स्टॅबिलायझरमधून येणारी टकटक याच पट्टीची.

म्हणजे ‘टक्’चा अर्थ एवढाच की पट्टी हलली. कॉन्टॅक्ट नीट टेकले का, हे त्यातून कळत नाही.

कॉन्टॅक्टवर चांदीच्या मिश्रधातूची टिकली असते. कॉन्टॅक्ट उघडताना दर वेळी बारीक ठिणगी पडते, मिटताना पट्टी क्षणभर थरथरते आणि पुन्हा ठिणग्या. धातू थोडा-थोडा उडतो, पृष्ठभाग खडबडीत होतो. 16 अँपिअरच्या रिलेच्या माहितीपत्रकात बऱ्याचदा दोन आयुष्यं छापलेली असतात: नुसती पट्टी हलवली तर 1 कोटी वेळा, पूर्ण भार असताना सुमारे 1 लाख वेळा. शंभर पटींचा हा फरक मुख्यतः ठिणगीमुळे पडतो. तापमान राखताना रिले तासाला 50 वेळा चालू-बंद झाला असं धरलं, तर 1 लाखाचा आकडा 2000 तासांत गाठला जातो.

चांगल्या कॉन्टॅक्टचा रोध मिलिओहममध्ये मोजतात. झिजून तो 0.1 ओहम झाला, तर एलिमेंटला पत्ताही लागत नाही आणि ओव्हन व्यवस्थित तापतो. पण 8.7 अँपिअरचा वर्ग गुणिले 0.1, म्हणजे साधारण साडेसात वॉट उष्णता त्या बंद डबीत साठू लागते. प्लास्टिक तपकिरी पडतं, जळका वास येतो, उष्णता रिलेच्या धातूच्या पायांतून त्यांना बोर्डाशी जोडणाऱ्या सोल्डरपर्यंत पोहोचते. तापणं-निवणं चालूच असल्याने पायाभोवती सोल्डरला गोल, केसासारखी चीर जाते. पुष्कळदा दुखणं रिलेत नसून या चिरेत असतं. प्लग काढून बोर्ड बाहेर काढल्यावर भिंगाखाली ती दिसते, म्हणून मल्टिमीटरच्या आधी डोळे वापरावेत.

मल्टिमीटरबद्दल थोडी तक्रार आहे. एलिमेंट तपासायला तो उत्तम: एक वायर सोडवून मोजलं की 2000 वॉटच्या एलिमेंटचा रोध 26 ओहमच्या आसपास आला पाहिजे. अनंत आला तर तार तुटली. कॉन्टॅक्टच्या बाबतीत मात्र साधा मल्टिमीटर फसवतो. त्याच्या वायरींचाच रोध 0.2-0.3 ओहम असतो, त्यात आपला 0.1 कुठे शोधणार? शिवाय रोध मोजताना तो अगदी थोडीशी वीज पाठवतो, त्यामुळे ‘बीप’ वाजवणारा कॉन्टॅक्ट 8 अँपिअरला दगा देऊ शकतो. जाणकार कारागीर रिले काढून कॉइलला बाहेरून 12 व्होल्ट देतो, कॉन्टॅक्टमधून काही अँपिअर सोडतो आणि दोन टोकांमध्ये किती मिलिव्होल्ट पडतात ते पाहतो. चालू ओव्हनमध्ये 230 व्होल्टवर हा प्रयोग घरी करू नये.

आता ‘टक्’च आलं नाही तर? कॉइल तुटलेली असू शकते. 12 व्होल्टच्या नेहमीच्या कॉइलचा रोध साडेतीनशे ओहमच्या आसपास असतो. तो ठीक असेल तर तिला वीज देणारा ट्रान्झिस्टर (बोर्डावरचा छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच) पाहावा. मला मात्र सगळ्यात रंजक वाटतो तो तिसरा संशयित, बोर्डाच्या वीजपुरवठ्यातला म्हातारा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग. काही बोर्डांवर ट्रान्सफॉर्मर नसतो, कपॅसिटरमधूनच वीज उतरवून घेतात. वर्षानुवर्षांनी त्याची क्षमता घटते आणि 12च्या जागी 8 व्होल्टच मिळतात. पट्टी दूर असताना तिला खेचायला साधारण 9 व्होल्टपर्यंत लागू शकतात. एकदा चिकटली की मधली हवेची फट जाते आणि पुष्कळ कमी व्होल्टेजही तिला धरून ठेवतं. म्हणून असा ओव्हन एखाद्या दिवशी चालतो, एखाद्या दिवशी नाही. रिले बदलून काहीच फरक पडत नाही.

उलटं लक्षण जास्त वाईट: बंद केल्यावरही ओव्हन तापतच राहतो. कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटलेत. पॅनेलवरच्या बटणाचा इथे उपयोग नाही, भिंतीवरचा स्विच लगेच बंद करावा. टिचकी मारून असा रिले कधीकधी सुटतो आणि लोक तो तसाच वापरतात. वापरू नये. नवा घेताना कॉइलचं व्होल्टेज, पायांची मांडणी आणि कॉन्टॅक्टची क्षमता जुळवावी. 16 अँपिअरच्या जागी 10चा बसवला तर 8.7 अँपिअर त्यातून जातील खरे, पण ओव्हनच्या उष्णतेत राखीव असं फारसं उरणार नाही.