बास्केटबॉल हंगामाचे सदृशीकरण आणि भाकीत

बास्केटबॉल लीगचा हंगाम संगणकावर हजारो वेळा खेळवून कोणता संघ किती सामने जिंकेल, बाद फेरी कोण गाठेल आणि विजेतेपदाची शक्यता कोणाला किती, हे आकड्यांत मांडण्याची पद्धत. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात संघ व खेळाडू खरे असतात, फक्त पुढचे सामने कल्पनेतले. दुसऱ्यात लीगच संगणकात वसवलेली असते आणि तिच्या हंगामाबद्दल संघचालक (त्या लीगमधील संघ हौसेने चालवणारी माणसे) आपापले आडाखे बांधतात. दोन्हींमागचे गणित एकच, मात्र भाकीत फसण्याची कारणे वेगळी. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे मुख्यतः अमेरिकेतील एनबीए लीगची आहेत (३० संघ, प्रत्येकी ८२ व एकूण १,२३० सामने).

कृती : प्रत्येक संघाला ताकदीचा एक आकडा दिला जातो. दोन संघांच्या आकड्यांवरून यजमान संघ जिंकण्याची संभाव्यता काढतात. मग संगणक ० ते १ मधील एक यादृच्छिक संख्या घेतो; ती संभाव्यतेपेक्षा लहान निघाली की यजमान जिंकला. असे सर्व सामने झाले की गुणतक्ता, बरोबरी सोडवण्याचे नियम, सातव्या ते दहाव्या स्थानांवरील संघांची प्ले-इन स्पर्धा आणि सात सामन्यांच्या मालिका या क्रमाने विजेता ठरतो. हाच हंगाम दहा हजार वेळा खेळवायचा, तर साखळीचेच एक कोटी तेवीस लाख सामने होतात. आजच्या साध्या लॅपटॉपला हे काम जड नाही. दहा हजार फेऱ्यांनंतर शक्यतेच्या आकड्यात उरणारी प्रमाण त्रुटी फार तर अर्धा टक्का असते. त्यामुळे फेऱ्या वाढवून भाकीत सुधारत नाही. सुधारणा व्हायची असेल तर ती मुळातल्या ताकदीच्या आकड्यात.

यादृच्छिक संख्यांनी उत्तर काढण्याच्या या रीतीला माँटे कार्लो पद्धत म्हणतात. स्टॅनिस्लॉ उलाम यांना ती १९४६ मध्ये आजारातून उठत असताना, पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव सुटण्याची शक्यता किती याचा विचार करताना सुचली. जॉन फॉन नॉयमन यांनी ती लॉस अलामॉस येथील अणुसंशोधनाला जोडली आणि नाव निकोलस मेट्रोपोलिस यांनी सुचवले. मेट्रोपोलिस व उलाम यांचा निबंध १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला.

संभाव्यतेच्या सूत्राचा उगम : दोन संघांच्या ताकदीवरून निकालाची संभाव्यता काढण्याचे सूत्र कोणाचे, याबद्दल एकमत नाही. क्रीडालेखनात त्याचे श्रेय सहसा बेसबॉलचे आकडेशास्त्री बिल जेम्स यांना दिले जाते. १९८० च्या सुमारास त्यांनी मांडलेल्या ‘लॉग-५’ सूत्रानुसार पहिल्या संघाचे विजयप्रमाण अ आणि दुसऱ्याचे ब असेल, तर पहिला जिंकण्याची संभाव्यता अ(१−ब) भागिले [अ(१−ब) + ब(१−अ)] इतकी येते. उदा., ०.६०० विजयप्रमाणाचा संघ ०.४०० च्या संघाला ०.६९२ संभाव्यतेने, म्हणजे दहापैकी जवळजवळ सात वेळा हरवतो.

बुद्धिबळाकडून येणारे लेखक हे श्रेय आर्पाद एलो यांना देतात. हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे एलो यांची रेटिंग पद्धत अमेरिकी बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये आणि फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. तथापि, एलो यांची मूळ मांडणी प्रसामान्य वितरणावर (घंटेच्या आकाराच्या वक्रावर) होती. आज क्रीडाभाकितांत दिसणारे लॉजिस्टिक रूप नंतरचे आहे. संख्याशास्त्रज्ञ आणखी मागे जातात. राल्फ ब्रॅडली व मिल्टन टेरी यांनी १९५२ मध्ये दोन-दोन वस्तूंची जोडीने तुलना करून क्रम लावण्याचे जे प्रतिमान दिले, तेच थोडी बीजगणिती उलटापालट केली की लॉग-५ होते. तेही पहिले नव्हेच. संच सिद्धांतामुळे प्रसिद्ध असलेले एर्न्स्ट झेर्मेलो यांनी १९२९ मध्ये अपूर्ण राहिलेल्या स्पर्धांतून खेळाडूंची ताकद कशी काढावी, या प्रश्नासाठी हेच सूत्र वापरले होते आणि १९२४ च्या न्यूयॉर्क बुद्धिबळ स्पर्धेचे निकाल त्यात घालून पाहिले होते. नंतरच्यांनी झेर्मेलोंचा निबंध वाचला होता, असे दिसत नाही. तेव्हा एकाच सूत्राचा तीन-चार ठिकाणी स्वतंत्रपणे शोध लागला, असे मानणे अधिक सयुक्तिक. अग्रक्रमाचाच मुद्दा असेल, तर तो झेर्मेलो यांच्याकडे जातो.

गुणफरक व घातांकाचा वाद : संघाची ताकद विजयांवरून मोजावी की गुणफरकावरून? अभ्यासकांचा कल गुणफरकाकडे आहे आणि तो योग्य वाटतो. एका गुणाने जिंकलेला आणि तीस गुणांनी जिंकलेला सामना गुणतक्त्यात सारखाच दिसतो. पुढच्या सामन्याबद्दल ते सांगतात मात्र निरनिराळे.

गुणांवरून विजयप्रमाण काढण्याच्या सूत्राला ‘पायथॅगोरीय अपेक्षा’ म्हणतात : केलेल्या गुणांचा क-वा घात भागिले, केलेल्या व दिलेल्या गुणांच्या क-व्या घातांची बेरीज. बेसबॉलसाठी जेम्स यांनी क = २ घेतले होते, म्हणून हे नाव. बास्केटबॉलमध्ये एका सामन्यात शंभरावर गुण होतात आणि दोन संघांच्या गुणांतील फरक प्रमाणात छोटा दिसतो, त्यामुळे घातांक बराच मोठा लागतो. डॅरिल मोरी (पुढे ह्यूस्टन रॉकेट्सचे जनरल मॅनेजर) यांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात १३.९१ हा घातांक दिला. बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ जॉन हॉलिंजर १६.५ वापरत. त्याच क्षेत्रातील डीन ऑलिव्हर यांनी दुसरी वाट सुचवली : गुणफरकाला सामन्यागणिकच्या चढउताराच्या प्रमाण विचलनाने भागायचे आणि उत्तर प्रसामान्य वक्रावर वाचायचे.

कोणता घातांक घ्यावा हा वाद केवळ दशांशांचा नाही, हे २०१५-१६ च्या हंगामावरून दिसते. गोल्डन स्टेट वॉरियर्सने सामन्यामागे सरासरी ११४.९ गुण केले व १०४.१ दिले, सॅन अँटोनियो स्पर्सने १०३.५ केले व ९२.९ दिले. मोरींच्या घातांकाने वॉरियर्सचे विजय ६५ येतात, स्पर्सचे ६७. हॉलिंजर यांच्या घातांकाने अनुक्रमे साधारण ६८ व ७०. प्रत्यक्षात स्पर्सचे विजय ६७ झाले, वॉरियर्सचे ७३. हा विक्रम आहे; त्याआधीचा, १९९५-९६ च्या शिकागो बुल्सचा, ७२ विजयांचा होता. म्हणजे लहान घातांक स्पर्सवर तंतोतंत बसतो आणि वॉरियर्सच्या बाबतीत आठ सामन्यांनी कमी पडतो. मोठा घातांक एकाला जास्त देतो, दुसऱ्याला कमी. ऑलिव्हर यांच्या वक्रात प्रमाण विचलन १३ गुण धरले, तर वॉरियर्ससाठी पुन्हा ६५ च्या आसपासच उत्तर येते. प्रस्तुत नोंदकर्त्याला १४ च्या जवळचा घातांक पुरेसा वाटतो. वॉरियर्सचे उरलेले आठ विजय सूत्राच्या माथी मारण्याचे कारण नाही. गंमत अशी की कोणताही घातांक घेतला तरी स्पर्स किंचित सरस ठरतात. ते मात्र दुसऱ्याच फेरीत ओक्लाहोमा सिटीकडून हरले आणि अंतिम मालिकेत ३-१ अशी आघाडी घेऊन वॉरियर्स क्लीव्हलँडकडून हरले.

स्टीव्हन मिलर यांनी २००७ मध्ये दाखवले, की दोन्ही संघांचे गुण वायबुल वितरणानुसार (संभाव्यतेच्या एका ठरावीक वक्रानुसार) आणि परस्परांपासून स्वतंत्रपणे पडतात असे धरले तर हे सूत्र आपोआप निघते. ही सिद्धता बेसबॉलसाठी आहे. बास्केटबॉलमध्ये दोन्ही संघांचा चेंडूवरचा ताबा जवळजवळ सारख्याच वेळा येतो आणि सामन्याचा वेग दोघांनाही सामाईक असतो. म्हणून दोघांचे गुण परस्परांपासून स्वतंत्र मानता येत नाहीत, आणि ऑलिव्हर यांनी आपल्या वक्रात हा सहसंबंध धरला आहे, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते.

नशिबाचा वाटा : नेमक्या निम्म्या ताकदीचा संघ ८२ सामने खेळला, तर द्विपद वितरणानुसार त्याच्या विजयांचे प्रमाण विचलन साडेचार येते. म्हणजे ४१ विजयांच्या लायकीचा संघ केवळ योगायोगाने ३२ किंवा ५० विजयांवरही थांबू शकतो. सरासरी गुणफरक एका गुणाने वाढला, तर हंगामात सुमारे अडीच विजय वाढतात. यावरून साडेचारचे वजन कळावे. मालिकांत नशीब कमी चालते : एका सामन्यात ६० टक्के शक्यता असलेला संघ सातांची मालिका ७१ टक्के वेळा जिंकतो.

याच कारणाने हंगामाच्या सुरुवातीच्या निकालांवर कोणी पूर्ण विसंबत नाही. आकडे मध्यमानाकडे ओढून घेतले जातात. फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळाच्या एलो पद्धतीत नव्या हंगामाच्या आरंभी जुन्या रेटिंगचा तीन चतुर्थांश भाग राखून उरलेला १५०५ या सरासरीकडे वळवत. यजमानपदासाठी तिच्यात १०० रेटिंग-गुण होते, म्हणजे तुल्यबळ संघांत यजमानाला ६४ टक्के शक्यता. अलीकडच्या हंगामांत यजमानांचे विजय ६० टक्क्यांच्या खाली आले आहेत, तेव्हा हा आकडा आता जास्तच म्हणावा लागेल. त्याच पद्धतीतील एक बारकावा उपयोगी आहे : प्रत्येक काल्पनिक सामन्यानंतर रेटिंग बदलूनच पुढचा सामना खेळवला जाई. तसे न केल्यास सर्व संघांचे अंदाज मधोमध दाटतात आणि टोकाचे हंगाम प्रत्यक्षापेक्षा दुर्मीळ दिसतात.

खेळाडूंवरून भाकीत : हंगाम सुरू होण्यापूर्वी गेल्या वर्षीचा संघ आणि यंदाचा संघ यांत माणसेच वेगळी असतात. बोस्टन सेल्टिक्सने २००६-०७ मध्ये २४ सामने जिंकले. केविन गार्नेट व रे ॲलन आल्यावर पुढच्या वर्षी ६६ जिंकले आणि विजेतेपदही मिळवले. संघाच्या जुन्या रेटिंगवरून हे दिसणे अशक्य होते. म्हणून प्रत्येक खेळाडू मैदानात असताना व नसताना गुणफरक किती बदलतो हे मोजून, सोबत्यांचा व प्रतिस्पर्ध्यांचा परिणाम वजा करतात. वेन विन्स्टन व जेफ सागारिन यांनी डॅलस मॅव्हरिक्ससाठी अशी पद्धत चालवली. डॅन रोझेनबॉम यांनी २००४ मध्ये तिची जाहीर मांडणी केली आणि जो सिल यांनी २०१० मध्ये रिज समाश्रयण (टोकाचे अंदाज शून्याकडे ओढणारी रीत) वापरून तिच्यातील अस्थिरता कमी केली. खरी अडचण पुढे येते, ती मिनिटांची. कोणता खेळाडू किती मिनिटे खेळेल हा अंदाज चुकला, तर बाकीचे गणित अचूक असूनही उपयोगाचे राहत नाही.

सॅक्रामेंटो किंग्ज २०२२-२३ मध्ये निम्मे सामनेही जिंकणार नाहीत, असा बहुतेकांचा होरा होता. त्यांनी ४८ जिंकले व १६ हंगामांनंतर बाद फेरी गाठली. उलट बाजूने, हंगामाच्या अखेरीस तळाचे संघ ड्राफ्टमधील (नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपातील) वरच्या निवडीसाठी हरण्याला फारसे वाईट मानत नाहीत आणि वरचे संघ प्रमुख खेळाडूंना विश्रांती देतात. मार्च-एप्रिलमधील सामने म्हणूनच सूत्रांना नीट जुमानत नाहीत. २०२३-२४ पासून वेळापत्रकही आधी पूर्ण कळत नाही : हंगामांतर्गत चषकामुळे प्रत्येक संघाचे ८० सामनेच सुरुवातीला जाहीर होतात, उरलेले दोन चषकाच्या निकालांवर ठरतात.

काल्पनिक लीग : फासे व पत्ते घेऊन हंगाम खेळवण्याची अमेरिकी परंपरा बेसबॉलमधून आली. हॅल रिचमन यांच्या स्ट्रॅट-ओ-मॅटिक कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी बेसबॉलचा आणि बहुधा पुढच्या दशकात बास्केटबॉलचा खेळ काढला. संगणकावर १९६०-६१ च्या सुमारास जॉन बर्जेसन यांनी आयबीएम १६२० यंत्रासाठी बेसबॉलचा सामना लिहिला होता. आज बास्केटबॉलसाठी ब्राउझरमध्ये चालणारा ‘बास्केटबॉल जीएम’, वुल्व्हरीन स्टुडिओजचा ‘ड्राफ्ट डे स्पोर्ट्स : प्रो बास्केटबॉल’ आणि एनबीए २के मालिकेतील फ्रँचायझी प्रकार प्रचारात आहेत.

इथे ताकद मोजावी लागत नाही, ती फाइलमध्ये लिहिलेलीच असते. ‘बास्केटबॉल जीएम’मध्ये संघाचा आकडा पहिल्या दहा खेळाडूंच्या रेटिंगवरून, पहिल्याला सर्वाधिक व पुढच्यांना उतरते वजन देऊन काढतात. त्यामुळे दोन तारे व भरतीचे आठ, हा संघ दहा मध्यमांच्या संघाला भारी पडतो. नवखे संघचालक बाकावरची खोली वाढवत बसतात आणि इथेच फसतात. रेटिंगवर मुद्दाम थोडे धुके सोडलेले असते, विशेषतः ड्राफ्टमधील पोरांच्या. अनेकांनी मिळून चालवलेल्या लीगमध्ये आणखी एक गोष्ट येते : माणसे. कोण फेब्रुवारीत आपला तारा विकेल, कोण दोन महिने लॉग-इनच करणार नाही आणि जखमी खेळाडू सुरुवातीच्या पाचांत तसाच राहील, हे कुठल्याही सूत्रात नसते. अशा लीगमध्ये जुने सदस्य संघाआधी संघचालक पाहून अंदाज बांधतात आणि ते बरोबरच करतात.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे एनबीए थांबली, तेव्हा फिनिक्स सन्सने आपले राहिलेले सामने एनबीए २के वर खेळवून प्रक्षेपित केले. जुलैअखेर २२ संघांसह खरा हंगाम फ्लोरिडात एकाच संकुलात सुरू झाला, तेव्हा भाकीतकारांना यजमानपदाचा आकडा शून्य करावा लागला.

भाकिताची परीक्षा : ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाने १९५० मध्ये दिलेला निर्देशांक वापरतात, सांगितलेली संभाव्यता आणि निकाल (१ किंवा ०) यांच्या फरकाचा वर्ग घेऊन सरासरी. प्रत्येक सामन्याला ५० टक्के म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात. त्याहून कमी मिळवता आले नाहीत, तर पद्धत निरुपयोगी.

भारत : एनबीएचे भारतातील पहिले सामने ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज व इंडियाना पेसर्स यांच्यात झाले. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. दोन्ही सामने पेसर्सने जिंकले : १३२-१३१ (जादा वेळेत) व १३०-१०६. हंगामपूर्व सामने असल्याने त्यांची गुणतक्त्यात नोंद नाही. त्या हंगामात पेसर्स ४५-२८ व किंग्ज ३१-४१ अशी कामगिरी झाली.

इतर लीग : महिलांच्या डब्ल्यूएनबीएत २०२५ मध्ये १३ संघ व प्रत्येकी ४४ सामने होते. हंगाम लहान, म्हणून नशिबाचा वाटा मोठा. युरोलीगमध्ये २०२४-२५ पर्यंत १८ संघ प्रत्येकी ३४ सामने खेळत. सामना ४० मिनिटांचा असल्याने गुण कमी होतात आणि एनबीएचे घातांक तसेच्या तसे लावता येत नाहीत.