खाडीच्या गाळातली चांदी

लाइपझिगच्या कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली आणि जन्मावेळच्या संसर्गाने येणारं अंधत्व झपाट्याने घटलं. त्यानंतर दहाएक वर्षांत सर्गेई विनोग्राड्स्की यांनी अमोनियाचं नायट्राइट-नायट्रेट करणारे जीवाणू वेगळे करून दाखवले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हा प्रश्न ऐरणीवर यायला पुढे शंभरावर वर्षं गेली.

निमित्त झालं नॅनो चांदीचं, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं. कण जितका बारीक, तितके त्यातून चांदीचे आयन (जंतूंना मारणारे विद्युतभारित अणू) भराभर सुटतात. २००० नंतर हे कण मोज्यांत, वॉशिंग मशीनमध्ये, जखमेच्या पट्ट्यांत आले. आपल्याकडे डिसेंबर २००९ मध्ये भाताच्या तुसाची राख आणि नॅनो चांदी वापरणारा ‘टाटा स्वच्छ’ हा पाणी शुद्ध करणारा फिल्टर आला. विजेशिवाय चालणाऱ्या या साधनाचं मोल मोठंच. पण २००८ मध्येच अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं की मोजे नुसते पाण्यात खळबळले तरी चांदी सुटते. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात ५ नॅनोमीटरहून लहान कणांनी नायट्रीकरण करणाऱ्या, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या, जीवाणूंची वाढ रोखल्याचं दिसलं.

मोरीतलं पाणी शेवटी खाडीला मिळतं. मुंबईत घाटकोपर आणि भांडुपच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतून ते ठाणे खाडीत जातं. ओहोटीला तिथला काळा, कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा चिखल उघडा पडतो. त्यातलं सल्फाइड चांदीला गाठतं आणि जवळजवळ न विरघळणारं सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. घरातली चांदीची भांडी काळी पडतात ती याच संयुगाने. गाळाचं हे मोठंच संरक्षण. मात्र गाळाचा वरचा, प्राणवायू मिळणारा पातळ थर वेगळा: नायट्रीकरण तिथेच चालतं, आणि तिथे सल्फाइड तुटपुंजं असतं. शिवाय खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड थोडी चांदी विरघळलेली ठेवतं.

माझ्या मते खरी काळजी जीवाणू मरण्याची नाही, काम अर्धवट राहण्याची आहे. विनायट्रीकरणात, म्हणजे जीवाणू नायट्रेट पायरीपायरीने मोडतात त्या क्रियेत, नायट्रेटचा शेवट निरुपद्रवी नायट्रोजन वायूत व्हायला हवा. शेवटची पायरी अडली तर नायट्रस ऑक्साइड सुटतो आणि त्याची उष्णता कोंडण्याची ताकद, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट आहे. २०१३ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या गटाने मैलागाळ घातलेल्या मातीत अगदी थोडी नॅनो चांदी मिसळली, तेव्हा हा वायू काही काळ साडेचार पट वाढला होता. ती माती होती. खाडीचा गाळ खारट आणि सल्फाइडने भरलेला, म्हणून तो आकडा इथे जसाच्या तसा लावता येत नाही. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तिथे पाण्यातला अमोनिया मोजतानाच चिखलातून सुटणारा नायट्रस ऑक्साइडही, भरती-ओहोटी दोन्ही वेळा, मोजायला हवा.