ऑनलाइन व्होकल विकायचं हे आलं कुठून? थोडी पार्श्वभूमी

मे महिन्यात नागपुरात व्होकल, म्हणजे गाण्यातला नुसता गळा, रेकॉर्ड करायचा म्हणजे पहाटे साडेचार ते साडेसहा एवढाच काय तो वेळ, कारण एकदा का आजूबाजूचे कूलर सुरू झाले की माइकमध्ये गाण्यापेक्षा त्यांचीच घरघर जास्त येते, आणि आपला कूलर बंद ठेवला तर गाणारीच चक्कर येऊन पडते. मी मानेवाड्याला मागच्या खोलीत कपाटाला रजई टांगून हेच करते. फाइल जाते पोलंडच्या एका पोराकडे, तो त्यावर डान्स ट्रॅक बनवतो. ओळखीतल्या पोरी विचारतात की ताई हे ऑनलाइन आवाज विकायचं कधीपासून सुरू झालं, म्हणून हे लिहून राहिली आहे. आवाज विकायला तर सव्वाशे वर्षांपूर्वीच सुरुवात झाली, मशीन गाणाऱ्याच्या घरात यायलाच एवढा वेळ लागला.

नोव्हेंबर १९०२, कलकत्ता. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग हॉटेलच्या खोलीत मशीन मांडून बसलेला आणि गायिका गौहर जान तिथे येऊन गायल्या. माइक नव्हताच, भोंग्यासमोर तोंड धरून जोरात गायचं, तीनेक मिनिटांत आटपायचं आणि शेवटी आपलं नाव इंग्रजीत ठणकावून सांगायचं. नाव काहून, तर तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिकडच्या माणसाला कोण बाई गातेय ते कळून लेबल बरोबर लागावं. मी आज फाइलच्या नावातच माझं नाव, टेम्पो आणि स्वर लिहिते ते पण याचसाठी, पलीकडच्याला माझी भाषा येत नाही.

पण तबकडी कंपनीची. बहुतेक गाणाऱ्यांना ठरलेले पैसे एकदा मिळायचे, मग ती दहा विकली जावो की दहा हजार. १९५७ चा कॉपीराइट कायदा आला त्यातही हक्क रेकॉर्ड काढणाऱ्याला, गीतकार-संगीतकारांना त्यांच्या त्यांच्या कामाचा, आणि जिचा आवाज त्यात वाजतो तिला काहीच नाही. १९६० नंतर लताबाई आणि रफीसाहेब यांचं यावरूनच बिनसलं हे सगळ्यांना माहीत आहे. लताबाईंचं म्हणणं, रेकॉर्ड विकली जाते तोवर गायकाला रॉयल्टी मिळाली पाहिजे, रफीसाहेबांचं म्हणणं, ठरलेले पैसे घेतले, विषय संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. मी लताबाईंच्या बाजूची, पण खरं सांगते, महिन्याच्या शेवटी वीजबिल आलं की मी पण रफीसाहेबांसारखाच सौदा करते, त्याला आता बायआउट म्हणतात एवढंच.

नागपूरचं सांगायचं तर इथे गाणाऱ्याला पैसे देणारी मोठी जागा म्हणजे रेडिओ. आकाशवाणी नागपूर १९४८ पासून आहे. आमची एक मावशी तिथे बी हाय ग्रेडची आर्टिस्ट होती, तंबोरा सायकलरिक्षात आडवा धरून जायची आणि महिन्याभराने चेक आला की गल्लीत सगळ्यांना कळायचं. बी, बी हाय, ए, टॉप अशा पायऱ्या, ऑडिशन पास झाल्याशिवाय माइकसमोर उभं करत नाहीत. त्या काळी ग्रेड हीच गाणाऱ्याची पत होती, लग्नाच्या बायोडाटात लिहायचे लोक बाप्पा! रेडिओच्या खालोखाल ऑर्केस्ट्रा, देशपांडे सभागृह, सायंटिफिक सभागृह, गणपतीतले मंडप, तिथे कार्यक्रम संपल्यावर हातात पाकीट. आता कराओके ग्रुप आले आणि सगळं उलटं झालं, गाणारेच दोन गाण्यांचे पैसे भरतात आणि ऐकणारे फुकट. मला ते वाईट नाही वाटत, हौस आहे लोकांची, पण पोटासाठी गाणाऱ्यांचं स्टेजवरचं काम त्याने कमी झालं हे पण खरं.

तिसरी जागा दीक्षाभूमी, आणि माझ्या मते आजच्या ऑनलाइन विक्रीच्या सगळ्यात जवळची तीच. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, पुस्तकांच्या स्टॉलला लागून भीमगीतांचे स्टॉल, आधी कॅसेट, मग सीडी, मग पेनड्राइव्ह. मुंबईच्या कंपनीने घ्यावं म्हणून थांबायचं नाही, रेकॉर्ड करायचं, छापायचं आणि आपल्या लोकांत नेऊन मांडायचं. शेजारच्या स्टॉलवर वाजणारं गाणं ऐकून माणूस थांबतो आणि विचारतो, हे कोणाचं आहे, द्या एक. डेमो क्लिप ऐकून ऑर्डर येते त्यात आणि यात मला तरी फरक दिसत नाही.

कॅसेटनेच हे शक्य केलं, ८० च्या दशकात टेप स्वस्त झाली आणि कायद्यात एक फट होती, रेकॉर्ड निघून दोन वर्षं झाली की ठरलेली रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्याच्या आवाजात काढता यायचं. व्हर्जन रेकॉर्डिंग. त्यावर कित्येक नवे गळे जगले. २०१२ ला दोनाची पाच वर्षं केली आणि दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आधी भरायची असं घातलं, म्हणजे घरी बसून कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात, गाणाऱ्या पोरीने तो रस्ता विसरायचा. कव्हर गाऊन ते विकू नका असं मी सांगते ते यासाठी, आधी हक्काचं बघा.

आवाज एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, हे पण जुनंच. हिंदी सिनेमात ट्रॅक गाणं, डबिंग गाणं ही पद्धतच होती, मोठ्या गायिकेची तारीख नसली की दुसरी कोणी गाऊन ठेवायची, त्यावर शूटिंग उरकायचं आणि मग मूळ आवाज भरायचा. कविता कृष्णमूर्ती यांनी सुरुवातीला लताबाईंसाठी असे कितीतरी ट्रॅक गायले. बाहेरच्या देशात गोष्ट आणखी बेक्कार. तिकडे डीजेंसाठी निघणाऱ्या रेकॉर्डवर नुसत्या गळ्याचं, म्हणजे अकापेला व्हर्जन द्यायचे. १९८९ मध्ये ब्लॅक बॉक्स नावाच्या इटालियन ग्रुपने लोलिआटा हॉलोवे यांचा १९८० च्या रेकॉर्डमधला आवाज उचलला, गाणं युरोपात तुफान चाललं आणि व्हिडिओत ओठ हलवणारी बाई तिसरीच. बाईंना भांडून पैसे घ्यावे लागले. सॅम्पल, म्हणजे आवाजाचे तयार तुकडे, आधीच रॉयल्टी-फ्री करून, म्हणजे एकदा पैसे दिले की पुढे काही द्यायचं नाही असं ठरवून, विकायची जी बाजारपेठ उभी राहिली ती अशा भांडणांमुळेही, विकत घेतलं की कोणी कोर्टात ओढणार नाही.

नेटचा भाग मी पटकन सांगते कारण तो बहुतेकांना माहीत आहे. १९९९ ला नेटवर गाणी फुकट वाटणारं नॅपस्टर आलं आणि अख्खं गाणं विकायचा धंदा बसला. २०१० ला फायव्हर, ऑनलाइन छोटी कामं मिळायची साइट, तेव्हा पाच डॉलरला एक काम, त्यातला वीस टक्के त्यांचा, हातात चार. २०१२ ला साउंडबेटर, गायक-वादक भाड्याने घ्यायची साइट, स्पॉटिफायने ती २०१९ ला घेतली आणि २०२१ ला जुन्या मालकांनाच परत विकली. २०१३ ला स्प्लाइस, जिथे चार शब्दांचे, दोन आलापांचे तुकडे विकले जातात. म्हणजे गाणं विकायचं बंद होऊन गाण्यातला कच्चा माल विकायला सुरुवात झाली.

पण नागपूरसाठी मला विचाराल तर खरं वर्ष २०१६. जिओ. ४८ किलोहर्ट्झ २४ बिटची मोनो वेव्ह, म्हणजे न दाबलेली, फाइल मिनिटाला साडेआठ एमबी खाते, लीड, डबल, हार्मनी, अॅडलिब असे गळ्याचे सगळे थर धरून चार मिनिटांचे वीस ट्रॅक म्हणजे सातशे एमबीच्या आसपास. त्याआधी मी बर्डीच्या कॅफेत तीन तास बसून एक गाणं चढवायची आणि नव्वद टक्क्यांवर लाइट जायची. परदेशी गिऱ्हाइकाला ड्राय व्होकल लागतो, रिव्हर्ब म्हणजे घुमारा नको, काही नको, नुसता कोरडा गळा, आणि तो एमपीथ्रीमध्ये दिला तर परत पाठवतो. हौशी आणि धंदेवाईक यातला अर्धा फरक त्या अपलोड स्पीडचाच होता.

कायदा पण हळूहळू सरकला. १९९४ च्या दुरुस्तीत गाणाऱ्याला पहिल्यांदा स्वतःचा हक्क मिळाला, आधी २५ वर्षांचा, १९९९ ला ५० चा झाला. २०१२ ला रेकॉर्डिंगच्या व्यापारी वापरावर रॉयल्टीचा हक्क आला, २०१३ ला गायकांची इस्रा ही संस्था निघाली. लताबाई म्हणत होत्या ते कायद्यात यायला पन्नास वर्षं लागली बघा. आणि एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते, हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर आपला कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर समोरचा न विसरता ‘वर्ल्डवाइड’ आणि ‘कायमचं’ हे दोन शब्द घालतो, आणि आपण डॉलरचा आकडा बघून ओके दाबतो. मी पण दाबलंय. पहिल्या वर्षी एका प्रोड्युसरला पंधरा डॉलरला दिलेला आलाप नंतर एका जाहिरातीत वाजताना ऐकला, घरी सगळ्यांना बोलावून दाखवला, आणि आईने विचारलं की मग याचे किती मिळाले.

हल्ली वेगळीच चौकशी येते. गाणं नको, तीन तास नुसते स्वर, शब्द, हसणं, श्वास, सगळं कोरडं रेकॉर्ड करून द्या, ‘ट्रेनिंगसाठी’, म्हणजे एआयला आवाज शिकवायला. पैसे बरे देतात. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला की त्यांच्या परवानगीशिवाय एआयने त्यांचा आवाज बनवायचा नाही, पण परवानगी आपण स्वतःच लिहून दिली तर कोर्ट काय करणार. मागच्या आठवड्यात अशाच एकाला मी विचारलं, मुदत किती आणि माझ्या आवाजात नवीन गाणं निघालं तर दर गाण्यामागे किती. मेसेजवर दोन टिक आल्या आहेत, उत्तर अजून नाही.