भोसरीच्या शेडपर्यंत प्रश्नावली कशी पोहोचली

‘लघु व मध्यम उद्योगांत लीन पद्धती राबवताना येणारे अडथळे : पुणे परिसराच्या विशेष संदर्भात.’ हे शीर्षक कुणा एकाचं नाही. शब्द थोडे इकडचे तिकडे केले की या साच्याचे प्रबंध आणि पेपर ढिगाने सापडतात. लीन, म्हणजे वाया जाणारा वेळ आणि माल कमी करून कारखाना चालवणं; तिच्या जागी टीपीएम, काईझेन, सिक्स सिग्मा या कारखाना सुधारण्याच्या दुसऱ्या पद्धती. पुण्याच्या जागी सातपूर, वाळूज, शिरोली. दुसरा मोठा गठ्ठा अभियांत्रिकी पदवीधरांचा : कंपन्यांना काय हवं आणि कॉलेजं काय देतात. गेल्या पंधरा वर्षांत आपल्या एमआयडीसींवर व्यवस्थापनशास्त्राचं जेवढं लिखाण झालं, तेवढं त्याआधीच्या पन्नास वर्षांत झालं नसेल. आणि ते लिहिणारे बरेचसे अभियांत्रिकी कॉलेजांतल्या मेकॅनिकल-प्रॉडक्शन विभागांतले, किंवा त्याच आवारातल्या एमबीए विभागातले शिक्षक आहेत. हे असं का झालं, याचं उत्तर कारखान्यात शोधण्यापेक्षा शिक्षकांच्या सेवाशर्तींत शोधलेलं बरं.

जुना काळ थोडक्यात आटोपता येतो. १९५३ मध्ये अहमदाबादच्या एका कापडगिरणीत एका ब्रिटिश संशोधकाने स्वयंचलित मागांच्या खात्यातली कामाची वाटणी बदलून पाहिली. आधी प्रत्येक कामगार आपलं एकच काम घेऊन खातंभर फिरायचा. नव्या रचनेत छोटे गट झाले आणि एकेका गटाकडे ठरावीक मागांची सगळी जबाबदारी आली. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं, आणि हा प्रयोग जगभर शिकवला जाऊ लागला. १९६१ मध्ये अहमदाबाद आणि कोलकाता इथे व्यवस्थापनाच्या मोठ्या संस्था उभ्या राहिल्या, १९६३ मध्ये पवईला औद्योगिक अभियांत्रिकीचं प्रशिक्षण देणारी संस्था आली. (तिचं २०२३ मध्ये आयआयएम झालं.) त्या पिढीच्या हातात स्टॉपवॉच असायचं. कामगारांना ते आवडायचं नाही, आणि का आवडावं? टाइम स्टडी झाली की पुढच्या महिन्यात उद्दिष्ट वाढणार हे त्यांना ठाऊक होतं. पण माणूस निदान यंत्रापाशी उभा असायचा.

१९८३ मध्ये महाराष्ट्र सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे; संस्थाचालक, साखर कारखाने, कॅपिटेशन फी, नंतरचे सर्वोच्च न्यायालयाचे एकामागून एक निकाल, हे सगळं वाचकाला माहीत असणारच. आपल्या विषयापुरता त्यातला एकच धागा महत्त्वाचा. या कॉलेजांचं उत्पन्न फीवर चालायचं, आणि फी शिकवण्यासाठी घेतलेली. संशोधनासाठी वेगळा पैसा नव्हता आणि कुणी मागतही नव्हतं. प्रयोगशाळा असायच्या, पण अभ्यासक्रमातली प्रात्यक्षिकं उरकण्यापुरत्या आणि तपासणी समिती येईल तेव्हा दाखवण्यापुरत्या. बीई होऊन त्याच कॉलेजात लेक्चरर म्हणून लागायचं, नोकरी सांभाळून एमई करायचं, ही सरळ वाट होती. पीएचडी ही आयआयटीवाल्यांची गोष्ट.

२०१० मध्ये हे चित्र पालटलं, आणि वाद इथूनच सुरू होतो. सहाव्या वेतन आयोगाच्या मागोमाग विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) ३० जून २०१० रोजी शिक्षकांच्या नेमणुका आणि पदोन्नतीचे नवे नियम काढले. त्यात शिक्षकाच्या कामाला गुण देण्याची पद्धत आली. तीच एपीआय (ॲकॅडमिक परफॉर्मन्स इंडिकेटर). नियम मुळात तंत्रशिक्षणासाठी नव्हते, पण तंत्रशिक्षणाच्या परिषदेने (एआयसीटीई) २०१२ मध्ये आपल्या पदोन्नतीच्या नियमांत तीच पद्धत घेतली. सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक व्हायचं तर पीएचडी हवीच, हे त्याआधीच ठरलं होतं.

आकडे पाहिले की पुढचं सगळं कळतं. रेफ्रीड, म्हणजे छापण्याआधी तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या, जर्नलमधल्या पेपरला १५ गुण. रेफ्रीड नसलेल्या, पण आयएसएसएन किंवा आयएसबीएन (नियतकालिकाचा किंवा पुस्तकाचा ओळखक्रमांक) असलेल्या ‘मान्यताप्राप्त आणि प्रतिष्ठित’ नियतकालिकातल्या पेपरला १०. परिषदेच्या इतिवृत्तात पूर्ण पेपर छापून आला तर तेही १०. आयोगाच्या मूळ नियमांत सहयोगी प्राध्यापकाच्या थेट नेमणुकीसाठी संशोधनाच्या गटात किमान ३०० गुण, प्राध्यापकासाठी ४००. म्हणजे निव्वळ पेपरांवर भागवायचं आणि एकट्याने लिहायचं तर सहयोगी प्राध्यापकासाठी रेफ्रीड जर्नलमधले वीस किंवा दहा गुणांचे तीस पेपर. एकट्याने लिहिणं परवडत नाही म्हणून चौघं मिळून लिहायचे. तिथेही नियम होता : मुख्य लेखक आणि मार्गदर्शक यांच्यात ६० टक्के गुण, उरलेले ४० टक्के बाकीच्यांत समान.

या नियमांच्या बाजूने बोलणारे अगदीच चूक नव्हते, हे नोंदवायला हवं. त्याआधी पदोन्नती कशी व्हायची? ज्येष्ठता, संस्थाचालकांची मर्जी, निवड समितीतल्या ओळखी. कागदावर मोजता येईल असं काहीतरी हवं होतं, म्हणजे डावललेल्या शिक्षकाला निदान दाद मागता येईल. ग्रामीण भागातल्या, कुणाचा वरदहस्त नसलेल्या कित्येक शिक्षकांना या गुणांनी खरोखर वर नेलं. विरोधकांचं म्हणणं होतं की दर्जा मोजता येत नाही म्हणून संख्या मोजली जातेय. दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं तरी एक गोष्ट सुटतेच. या नियमांनी आयएसएसएनला गुण दिले, आणि आयएसएसएन हा नियतकालिकाचा निव्वळ ओळखक्रमांक आहे. तो मागितला की मिळतो. आतल्या मजकुराशी त्याचा काडीचा संबंध नाही. गाडीला नंबरप्लेट आहे म्हणून तिचे ब्रेक चांगले, असं मानण्यासारखंच ते होतं. पुढच्या काही वर्षांत ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ’ने सुरू होणारी शेकडो ऑनलाइन जर्नलं निघाली, पैसे भरले की आठवड्याभरात पेपर छापून, वर प्रमाणपत्र. स्टाफरूममध्ये ‘पेपर टाकला’ हा शब्दप्रयोग रूढ झाला.

आता अशा वेळी मेकॅनिकलचा शिक्षक कोणता विषय घेईल? मशीनिंगवर, धातूंवर, कंपनांवर काम करायचं तर उपकरणं हवीत, चाचण्यांचे पैसे हवेत, कंपनीच्या मशीनवर वेळ हवा. भोसरीतला शेडमालक जॉबवर्कचा तासाचा दर सोडून कुणाला व्हीएमसी (धातू कापणारं संगणकचलित मशीन) वापरू देणार नाही, आणि त्याचंही बरोबर आहे. याउलट सर्वेक्षणाला लागतात झेरॉक्सचे पैसे, नंतर तर गूगल फॉर्ममुळे तेही नाहीत. ‘उत्पादन अभियांत्रिकी’ या नावाखाली ‘उत्पादन व्यवस्थापन’ बसतं, त्यामुळे विद्यापीठाच्या समितीचीही हरकत नसते. अशा रीतीने पुष्कळ प्रॉडक्शनची माणसं एकाही मशीनला हात न लावता डॉक्टर झाली. दोष त्यांच्या बुद्धीला देण्यात अर्थ नाही; आठवड्याचे तास, ॲडमिशनच्या हंगामात गावोगाव फिरणं, परीक्षेची कामं सांभाळून जे शक्य होतं ते त्यांनी केलं.

ही प्रश्नावली जवळून पाहण्यासारखी असते. पहिल्या पानावर कंपनीची माहिती. पुढे तीस-चाळीस विधानं, प्रत्येकापुढे ‘पूर्णपणे असहमत’पासून ‘पूर्णपणे सहमत’पर्यंत पाच चौकटी. ‘आमचं वरिष्ठ व्यवस्थापन गुणवत्तेला प्राधान्य देतं.’ यावर कुठला एचआर मॅनेजर ‘असहमत’वर खूण करेल? बरेचदा तो फॉर्म ट्रेनीकडे सरकवतो, आणि ट्रेनी साहेबांना काय आवडेल ते भरतो. मग क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे उत्तरं आपसांत किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढायचा; तो ०.७ च्या वर आला की प्रश्नावली ‘विश्वसनीय’ ठरते. सगळ्यांनीच चारच्या चौकटीत खुणा केल्या तर अल्फा कसा असेल आणि त्यातून काय कळेल, हे विचारणारा बहिःस्थ परीक्षक विरळा. नमुन्याची संख्या अनेकदा ३८४ असते. हा आकडा १९७० मधल्या एका अमेरिकी लेखातल्या तक्त्यातून येतो : लोकसंख्या दहा लाख असली तरी ३८४ जण पुरतात. पण त्या तक्त्याची अट आहे की माणसं यादृच्छिक पद्धतीने निवडलेली हवीत. इथे यादी असते माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची.

ज्यांना ३८४ ही जड जातात त्यांच्यासाठी आणखी सोपी वाट निघाली. अडथळ्यांची यादी जुन्या पेपरांतून गोळा करायची, दहा-पंधरा ‘तज्ज्ञां’ना कोणता अडथळा कोणामुळे निर्माण होतो असं जोडीजोडीने विचारायचं, आणि त्यातून पायऱ्यांची आकृती काढायची. १९७०च्या दशकात गुंतागुंतीच्या प्रश्नांवर गटाने विचार करता यावा म्हणून निघालेलं हे तंत्र, आयएसएम (इंटरप्रिटिव्ह स्ट्रक्चरल मॉडेलिंग). आपल्याकडे त्याचं पेपर काढायचं यंत्र झालं. तळाच्या पायरीवर बहुतेक वेळा ‘वरिष्ठ व्यवस्थापनाच्या बांधिलकीचा अभाव’ सापडतो. हे कळायला आकृतीची गरज होती का, हा प्रश्न वाचकावर सोडतो.

याच काळात, मुंबईपासून फार लांब नाही अशा तारापूरला आणि सीमेपलीकडच्या उंबरगावला, अगदी वेगळ्या प्रकारचं काम चाललं होतं. २००८ पासून परदेशी अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांच्या २८ कारखान्यांत प्रयोग केला. काहींना काही महिने फुकट सल्लागार दिले, काहींना नुसती प्राथमिक तपासणी. यादृच्छिक निवड, म्हणजे तुलना करता येईल अशी. सल्लागारांनी ३८ पद्धती रुजवण्याचा प्रयत्न केला आणि त्या अगदी साध्या होत्या : मशीनची नियमित देखभाल, दोषांची रोजची नोंद, सुताच्या साठ्याला लेबल. प्रयोगाच्या छायाचित्रांत गोदामात ओळख न पटणाऱ्या सुताचे ढीग आणि जमिनीवर विखुरलेली हत्यारं दिसतात. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. हे आधीच का केलं नाही, तर मालकांना त्याची गरजच वाटली नव्हती. आणखी एक निष्कर्ष इकडे कुणालाही पटेल : कंपनी किती मोठी होणार, हे घरात कर्ते पुरुष किती यावर ठरत होतं, कारण बाहेरच्या मॅनेजरवर भरवसा नाही. २०१३ मध्ये हे छापून आलं. प्रयोग सुरू झाल्यावर आठ-नऊ वर्षांनी तेच लोक परत गेले, तेव्हा शिकवलेल्यातल्या जवळपास निम्म्या पद्धती सुटल्या होत्या. तरी सल्ला न मिळालेल्यांपेक्षा ते कारखाने पुढेच होते. अर्थात, अशा प्रयोगाला जेवढा पैसा लागतो तेवढा इथल्या कॉलेजांकडे संशोधनासाठी नव्हता. त्यामुळे ‘त्यांनी केलं, तुम्ही का नाही’ असं शिक्षकांना म्हणणं बरं नाही.

इकडे जर्नलांचा निचरा करण्याचे प्रयत्न चालू झाले. २०१७ मध्ये आयोगाने मान्य जर्नलांची यादी काढली, त्यात विद्यापीठांनी सुचवलेली नावंही घेतली. २०१८ मध्ये पुण्याच्याच विद्यापीठातल्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि कुठल्याही मोठ्या सूचीत नसलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट असू शकतात. त्या वर्षी मे महिन्यात ४,३०५ नावं यादीतून उडाली. ती उडाली तरी त्यांत छापलेल्या पेपरांवर मिळालेल्या पदोन्नत्या उडाल्या नाहीत. २०१९ मध्ये नवी यादी आली आणि तिचं कामकाज पुण्यातून चाललं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून जबाबदारी संस्थांवर टाकण्यात आली.

गुणपद्धतही २०१८ मध्ये बरीच सैल झाली. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही २००९ पासूनची अट २०२२ मध्ये गेली. पण तोवर कॉलेजांना स्वतःची गरज निर्माण झाली होती : २०१६ पासूनच्या राष्ट्रीय क्रमवारीत प्रकाशनं मोजली जातात, मानांकनात पीएचडीधारक मोजले जातात. शिक्षकाला नको असला तरी प्राचार्यांना पेपर हवा असतो.

या सगळ्या ढिगातून कामाच्या जागेचं काय कळतं? अधिकाऱ्यांची मतं कळतात. चाकणच्या लाइनवर वर्षानुवर्षं कंत्राटी म्हणून राबणारे, किंवा ‘नीम’ या आता बंद झालेल्या प्रशिक्षण योजनेत शिकाऊ म्हणून घेतलेली आणि पूर्ण शिफ्ट भरणारी पोरं या प्रश्नावल्यांत क्वचितच दिसतात, त्यांच्यापर्यंत फॉर्म पोहोचत नाही आणि कंपनी पोहोचू देत नाही. एकमेकांशी तुलनाही जमत नाही, कारण ‘लघुउद्योग’च जागेवर नाही. २००६च्या कायद्याने यंत्रसामग्रीत पाच कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला उत्पादक लघु होता. जुलै २०२० पासून दहा कोटी आणि पन्नास कोटींची उलाढाल. एप्रिल २०२५ पासून पंचवीस कोटी आणि शंभर कोटी. आठ कोटींची मशीनं असलेली भोसरीतली कंपनी २०१२च्या प्रबंधात ‘मध्यम’ आहे आणि २०२१च्या प्रबंधात, उलाढाल बसत असेल तर, ‘लघु’. प्रबंधांत मात्र आधीच्या निष्कर्षांशी ‘सुसंगत’ असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं.

जानेवारी २०२५ मध्ये नेमणुकांच्या नव्या नियमांचा मसुदा आला. त्यात गुणांऐवजी नऊ प्रकारची ‘उल्लेखनीय योगदानं’ सुचवली आहेत, त्यांतली किमान चार हवीत. त्या मसुद्यावर राज्यांनी घेतलेले आक्षेप मुख्यतः कुलगुरूंच्या निवडीवरून होते. योगदान कसं जोखायचं यावर फारसं कुणी बोललं नाही. दरम्यान २०१० नंतर पेपर टाकून पीएचडी झालेली पिढी आता गाइड आहे. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात, आणि नव्या विद्यार्थ्याला पहिल्या भेटीत बहुतेकदा आधीच्याचा प्रबंध आणि त्याच्या परिशिष्टातली प्रश्नावली मिळते.