वर्गातला पडदा थांबवायचा कुणी? : पार्श्वभूमी

शाळेतल्या तंत्रज्ञानाची गोष्ट आपण हल्ली कोविडपासून सांगायला लागतो. ती त्याआधी पंचेचाळीस वर्षं सुरू झाली होती. १ ऑगस्ट १९७५ पासून अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभर वापरायला घेऊन इस्रोने 'साइट' हा गावोगावी शैक्षणिक टीव्ही पोहोचवण्याचा प्रयोग केला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही संच पोहोचले. खुराड्याला लावतात तसल्या जाळीची भलीमोठी अँटेना, खाली मुलं, आणि सकाळचा शालेय कार्यक्रम. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण पुढची अडचण इथेही तीच आली. कार्यक्रम केंद्रावरून सुटायचा, तो गुरुजींना थांबवता यायचा नाही. पोरांना कळलं नाही तरी गाडी पुढे.

भारताचे स्वतःचे इन्सॅट उपग्रह आल्यावर १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. अस्सल मराठीत शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी सरकारी संस्था ही मोठीच गोष्ट होती. पण प्रसारणाची वेळ, शाळेचं वेळापत्रक आणि वीज ही तिन्ही जुळली तरच त्याचा उपयोग. २०१७ मध्ये ती बंद झाली.

संगणकाची तऱ्हा वेगळी. १९८४-८५ च्या 'क्लास' या संगणक-साक्षरतेच्या सरकारी प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले. तेव्हापासून संगणक म्हणजे वेगळी खोली, वेगळा तास आणि डेडस्टॉक रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीतली, एक नोंद. बिघडला तर उत्तर कोण देणार, म्हणून खोलीला कुलूप. २००४ च्या आयसीटी (माहिती-तंत्रज्ञान) योजनेने अशा खोल्या वाढवल्या; गणिताच्या किंवा भूगोलाच्या तासाला मात्र त्यांचा क्वचितच स्पर्श झाला.

खरा बदल झाला तो जिल्हा परिषदेच्या शाळांतून. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्य सरकारच्या कार्यक्रमानंतर लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब आले. यात मिरवणंही पुष्कळ होतं. कुठे 'डिजिटल शाळा' ही अक्षरं फक्त भिंतीवरच राहिली. पण माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले या शिक्षकाने पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, त्याचं मोल वेगळं आहे. कवितेचं पान उघडलं, फोन धरला, की त्याच कवितेचा ऑडिओ किंवा व्हिडिओ सुरू. हवा तेव्हा थांबवा, पुन्हा लावा, घरी वडिलांच्या फोनवर ऐका. साहित्य शिक्षकाने आपल्या मुलांकडे बघून निवडलेलं. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले, आणि सप्टेंबर २०१७ पासून देशभर दीक्षा हा शालेय साहित्याचा सरकारी ऑनलाइन मंच. डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली.

त्याच वर्षी शाळा बंद होत्या. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका लागली आणि मुलं पुन्हा ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर बसली. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता तिथे तीच शाळा होती, म्हणून तिला नावं ठेवता येत नाहीत.

आज यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदणीच्या माहितीत शाळेत संगणक किती, इंटरनेट आहे का, हे भरावं लागतं. बाईंनी व्हिडिओ मध्येच कुठे थांबवला आणि मुलांना काय विचारलं, याला त्यात रकाना नाही.