बायोस बूट पार्टिशन म्हणजे स्लॅश बूट नव्हे

२००९-१० च्या डेल टी३५०० सारख्या, युईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) नसलेल्या वर्कस्टेशनवर लिनक्स टाकताना मॅन्युअल पार्टिशनिंगला गेलात की हा घोळ हमखास होतो. इन्स्टॉलर म्हणतो बायोस बूट पार्टिशन पाहिजे, आपण म्हणतो अरे केलंय की, हे बघ ५०० एमबीचं स्लॅश बूट (/boot), आणि तरी शेवटी ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर, काही बसत नाही. मी तर एकदा उलटंच केलं, ते १ एमबीचं पार्टिशन बिनकामाचं पडलंय समजून ईएक्सटी४ने फॉरमॅट मारलं, रीबूट केल्यावर ग्रबचा मेनूच येईना.

स्लॅश बूट हे साधं, माउंट होणारं पार्टिशन. आत कर्नल, इनिट-रॅमएफएस (बूट होताना लागणारी तात्पुरती फाइलसिस्टिम) आणि ग्रबची कॉन्फिग फाइल. वेगळं काढलंच पाहिजे असं काही नाही, नाही काढलं तर रूटमध्येच फोल्डर राहतो. रूट एन्क्रिप्ट करायचं असेल, किंवा बायोस इतकं म्हातारं असेल की त्याला १३७ जीबीच्या पुढचं दिसत नाही, तर मात्र काढा आणि डिस्कच्या सुरुवातीलाच ठेवा. १ जीबी द्या, २०० एमबीत भागवायला गेलात तर दोन-तीन कर्नल अपडेटमध्येच भरून जातं.

बायोस बूटला मात्र फाइलसिस्टिम नाही, माउंट पॉइंट नाही, साइज फक्त १ एमबी. मग ते लागतं कशाला? पार्टिशनची यादी ठेवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये बूट कोडला जेमतेम ४४६ बाइट मिळतात, तेवढ्यात ग्रब मावणार कसं, म्हणून ते आपला मुख्य भाग पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत गुपचूप टाकतं. नव्या जीपीटी पद्धतीत त्याच जागेत १ ते ३३ नंबरच्या सेक्टरवर पार्टिशनचं टेबल येऊन बसतं, पुढची जागा मोकळी राहीलच याची खात्री नाही, म्हणून ग्रबला हक्काचा कोपरा लागतो. तो हा.

जीडिस्क या पार्टिशनिंगच्या टूलमध्ये या पार्टिशनला कोड ईएफ०२ द्यायचा. ईएफ०० दिलात तर ते युईएफआयवाल्यांचं ईएसपी (ईएफआय सिस्टिम पार्टिशन) होतं, ते तिसरंच प्रकरण. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये हेच 'रिझर्व्ड बायोस बूट एरिया' नावाने दिसतं, माझ्या मते हे नाव जास्त बरं, निदान स्लॅश बूटशी गल्लत तरी होत नाही.

डिस्क २ टीबीच्या आतली असेल तर मी सरळ एमबीआर करतो, हे १ एमबीचं लफडंच नको. ४ टीबीची लावलीत तर जीपीटीला पर्याय नाही, कारण एमबीआरमध्ये सेक्टरचा नंबर ३२ बिटचा, २ टीबीच्या पुढे मोजताच येत नाही.

आणि माझ्यासारखं फॉरमॅट मारून बसलात तर घाबरू नका, डेटा जागेवरच असतो. लाइव्ह युएसबीने बूट करून सीएचरूट करा, म्हणजे डिस्कवरच्या आपल्या सिस्टिममध्ये शिरा, त्या १ एमबीला ईएफ०२ कोड अजून आहे का बघा, मग ग्रब-इन्स्टॉल पुन्हा चालवा, फक्त त्याला अख्खी डिस्क द्यायची, एसडीए, एसडीए१ नाही.